तरवडाची साल

माघ वद्य ५, शके १८६४

चपला! ह्यांनी सोलापुराहून आणल्या. लाल कातड्याच्या, चालताना करकरणाऱ्या. अख्ख्या तामलवाडीत अशा कुणाकडं नसतील. सासूबाईंनी लगेच सांगितलं, लिंगपूजेचं घर आहे, कातडं उंबऱ्याच्या आत यायचं नाही. बरं. दाराबाहेर ठेवल्या आणि कुत्र्यानं नेल्या तर, म्हणून दोनदा उठून बघून आले.

हे खुशीत आहेत. टेकडीवरच्या तरवडाचा गुत्ता, म्हणजे ठेका, मिळाला. साल सोलायची, वाळवायची, गाड्या भरून सोलापूरच्या स्टेशनावर धाडायची. लढाईमुळं भाव चढलाय म्हणे. तरवड! पाय टाकावा तिथं उगवणारं, पिवळ्या फुलांचं फुकटचं झुडूप. शेळीसुद्धा त्याला तोंड लावत नाही. त्याचीही गिऱ्हाइकं असतात, हे आजच कळलं.

माघ वद्य ११

जेवताना विचारलं, एवढी साल लागते तरी कुणाला? हे हसले आणि दाराकडं बोट केलं. माझ्या चपला! कातडं सालीच्या पाण्यात मुरवलं नाही तर कुजतं म्हणे. आणि आता शिपायांचे बूट, लाखांनी, पार मिसर देशापर्यंत.

मी घास हातात धरून बसले. आमच्या टेकडीची साल मिसरातली वाळू तुडवणार! आणि एवढ्या कातड्याला ढोरं कुठली? तर म्हणाले, आपण झाडाची साल विकतो, कातड्याला आपला हात लागत नाही. करून सवरून नामानिराळं राहावं तर ह्यांनीच.

फाल्गुन शुद्ध ३

आज वावरात गेले होते. आमचं वावर टेकडीच्या पायथ्याला, आणि त्याच्या खालच्या अंगाला मामंजींनी खोदलेली विहीर. अर्धी गल्ली तिथं पाणी भरते. सहज वर चढले तर बायका कुदळीनं तरवड मुळासकट उपटत होत्या! माहेरी परांड्याला मी लहानपणापासून बघितलंय, तरवड तोडताना वीतभर खुंट ठेवतात. पावसात तो पुन्हा फुटतो. उपटलेलं काय फुटणार?

साल सोलणाऱ्या दगडाबाईला विचारलं. तिनं वर बघितलं नाही. म्हणाली, "मालकच म्हनत्यात, वैनी. मुळाची साल जाड असती, वजन भरतं."

घरी येऊन ह्यांच्याशी भांडले. निदान आपल्या वावराच्या आणि विहिरीच्या वरची बाजू सोडा, मुळंच माती धरून ठेवतात म्हटलं. तर म्हणे, "झुडपं काढली म्हणून विहीर पळून जाती व्हय?"  मला राग आला, लिहितानाही आहे.

वैशाख शुद्ध ९, शके १८६५

टेकडी बोडकी झाली. बघवत नाही.

ज्येष्ठ वद्य २



काल दुपारी पाऊस झाला. पाऊस कसला, टेकडीच खाली आली! वरून तांबडा लोंढा आला, वावराची काळी माती खरवडून घेतली आणि विहिरीत शिरला. पाऊस थांबल्यावर आम्ही सगळे धावलो. वावर कुठं आहे तेच कळेना. नुसता पांढरा मुरूम. मी पोहरा सोडला. पाण्याचा आवाज नाही, थप्प झालं. दोरी ओढली तर पोहरा वर येईना, चिखलात रुतून बसला होता.

एका पावसात! हे काठावर उभे राहून तेवढंच म्हणत होते, एका पावसात, एका पावसात. मला म्हणायचं होतं, बघा, पळाली विहीर. पण त्यांचं तोंड बघितलं आणि पुन्हा दोरीच ओढू लागले. सासूबाईंनी चिखलाकडं बघितलं आणि ह्यांना म्हणाल्या, "कल्याणप्पा, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ." 

ज्येष्ठ वद्य ८

गाळ काढणं चालू आहे. हे स्वतः आत उतरतात. दगडाबाई आणि तिच्या बायका पाट्या वर ओढतात. काठावर ढीग लागलाय, पाण्याचा पत्ता नाही. कालपर्यंत जी गल्ली आमच्याकडं पाणी भरायची तिच्याबरोबर मी आता चावडीच्या आडावर घागर घेऊन उभी राहते. कुणी टोमणा मारत नाही. मारला असता तर बरं वाटलं असतं.

आषाढ शुद्ध १२

त्या पावसापासून चपला घातल्या नाहीत. दाराबाहेरच आहेत, भिजून वाकड्या झाल्या.

भाद्रपद अमावास्या

उद्या घट. आमच्याकडं पहिली माळ तरवडाच्या फुलांचीच, सासूबाईंच्या सासूपासून. हे सकाळीच बैलगाडी घेऊन फुलांना गेले. दिवेलागणीला आले, मोकळ्या हातानं. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यापलीकडच्या टेकड्याही दुसऱ्या गुत्तेदारांनी तशाच सोलल्यात. टोपी काढून ओट्यावर बसले. म्हणाले, "कुठंच न्हाय गं." ज्या माणसानं गाड्यामागून गाड्या तरवड धाडला, त्याला देवीपुरती ओंजळभर फुलं मिळू नयेत! मला रडू आलं, आणि त्यांची दयाही आली.

आश्विन शुद्ध १

घट बसले. माळ झेंडूची. घटाखाली माती आपल्या वावरातलीच लागते, आणि वावरात तर माती उरली नाही. शेवटी हे विहिरीवर गेले आणि गाळाच्या ढिगातून पाटीभर घेऊन आले. तीच आमची काळी माती, थोडी तांबड्यात मिसळलेली. गहू पेरले. सासूबाईंनी ती माती कपाळाला लावली.

आश्विन शुद्ध ८

गव्हाच्या कोंबांत आज एक वेगळंच रोप दिसलं. बारीक, जोडीजोडीची पानं. तण समजून सासूबाई उपटायला निघाल्या, तर ह्यांनी त्यांचा हात धरला. तरवड! टेकडीवरचं बी गाळाबरोबर आलं असणार.  मग मला विचारलं, "महादेवी, घट उठल्यावर हे कुठं लावायचं?"

टेकडीवर, असं म्हणणार होते. पण तिथं आता माती कुठं आहे?