न्यूटच्या डोणीवरची गळती

मी, रुद्रम्मा शरणबसप्पा कळशेट्टी, वय वर्षे चौपन्न, राहणार उमरगा, जिल्हा उस्मानाबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. पोटातली गाठ वाढते आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या दडपणाखाली मी कधी नव्हते, हे कन्याशाळेच्या मुली सांगतील. कचेरीसाठी उर्दू नक्कल हणमंतप्पा वकील करतील. दोन्हींत फरक पडल्यास मराठी खरे धरावे.

१. वडिलोपार्जित शेत माझा पुतण्या सोमलिंग यास द्यावे. घर त्यास मिळणार नाही. "आत्याबाई, पाली पाळण्यापरीस म्हैस पाळा, दूध तरी देईल," असे तो चारचौघांत म्हणाला होता. त्याचा राग मी धरला नाही, असे लिहिले तर ते खोटे ठरेल.

२. माझी पुस्तके व भिंग कन्याशाळेस द्यावे. भिंग कपाटात कुलूपबंद ठेवू नये. मुलींच्या हातून फुटले तर फुटू द्यावे.

३. तळघरातील प्राण्यांविषयी. यांना इंग्रजीत न्यूट म्हणतात. दिसायला सरड्यासारखे, पण कुळाने बेडकाचे. पुण्याच्या कॉलेजातली माझी मैत्रीण प्रेमाबाई दार्जिलिंगला राहते. तिच्याकडून डिसेंबर १९४० मध्ये मी सहा न्यूट ओल्या शेवाळात गुंडाळून आणले. थंड डोंगरातला जीव उमरग्याच्या उन्हाळ्यात वाढवून दाखवायचा, ही माझी हौस होती.

पहिल्या आठवड्यातच दोन मेले. मी त्यांना तांब्याच्या घंगाळात ठेवले होते, कारण तांब्याचे पाणी शुद्ध, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. तांबे पाण्यात उतरते व अशा जिवाला विष ठरते, हे कॉलेजातले रसायनशास्त्र त्या दिवशी मला आठवले नाही. माझ्याकडे पाणी भरणाऱ्या इरम्माने न विचारता घंगाळ रिकामे केले आणि उरलेले चार दगडी डोणीत सोडले. "तांब्यातलं पाणी देवाला, बाई. जित्राबाला दगडातलं बरं." इरम्मा महादेवाच्या देवळातल्या गुरवाची विधवा सून.

चार उन्हाळे न्यूट जगले, पण अंडी घालीनात. मी पाणी बदलले, गांडुळे बदलली, खिडकीला वाळ्याचे पडदे लावले. काही उपयोग झाला नाही. १९४५ च्या ज्येष्ठात एका सकाळी तळघरात उतरले तर डोणीवर तिकटी उभी केलेली, तिला मातीचे गाडगे टांगलेले, आणि त्याच्या बुडाच्या भोकातून थेंब थेंब पाणी पडते आहे. उन्हाळ्यात पिंडीवर गळती टांगतात, हुबेहूब तशी.

"इरम्मा, या काय पिंडी आहेत?" मी ओरडले.

"पिंडी न्हाईत बाई. पर ऊन त्यांनाबी लागतंच की. राहू द्या चार दिस. न्हाय जमलं तर म्याच फोडते गाडगं."

सहाव्या दिवशी पाणवनस्पतीच्या पानांवर अंडी दिसली. डोंगरातल्या या जिवाला पावसाचे थेंब अंगावर पडल्याशिवाय आपला हंगाम कळत नाही. हे मला पुस्तकातून कळले नव्हते. मोठे न्यूट आपलीच अंडी खातात हेही इरम्मानेच पाहिले, आणि ती अंड्यांची पाने रोज दुसऱ्या कुंड्यात हलवू लागली. पिलांना डासांच्या अळ्याही तीच गाळून घाली. अकरा पिले वाढली.

४. त्यावर मी मुंबईच्या एका मासिकात इंग्रजी लेख लिहिला. त्यातले एक वाक्य येथे भाषांतर करून देते: "ठिबकत्या पाण्याची ही योजना मला सुचली." लेखात इरम्माचे नाव नाही. तांब्याची चूकही मी 'प्रयोग' म्हणून लिहिली.

लेख वाचून हैदराबादेहून एक प्राध्यापक आले. तळघरात त्यांनी विचारले, "ही युक्ती आपल्याला सुचली कशी?" इरम्मा कळशी घेऊन दारात उभी होती. ती हसली आणि म्हणाली, "सायेब, म्हादेवावर गळती लावत्यात न्हवं, तशी म्या..."

मी तिला तिथेच तोडले. "इरम्मा, चहा ठेव. मोठ्या माणसांत बोलू नये." मग पाहुण्यांना इंग्रजीत सांगितले की बाई देवभोळी आहे, तिच्याकडे फक्त पाण्याचे काम आहे. इरम्माला इंग्रजी येत नाही. बोलण्याचा सूर कळतो. तिने चहा ठेवला, कळशी जागेवर पालथी घातली आणि ती पुढच्या दाराने निघून गेली. ती परत आली नाही, त्याला दहा महिने झाले. पुढच्या उन्हाळ्यात सात पिले मेली. मी सत्तावीस वर्षे मुलींना खरे बोलायला शिकवले.

५. माझे राहते घर, आडासह व तळघरासह, इरम्मास द्यावे. न्यूट सांभाळण्याची अट यास नाही. तिला ते नको असतील तर ते मरतील, हे मला माहीत आहे. तरीही अट नाही.

६. ~~मासिकाला पाठवायचे दुरुस्तीचे पत्र सोबत जोडले आहे. माझ्या मृत्यूनंतर ते टपालात टाकावे आणि कलम ४ इरम्मास वाचून दाखवावे.~~

पुरवणी, त्याच दिवशी. वरील कलम सहा मी स्वतः खोडले आहे. साक्षीदारांना पत्र वाचून दाखवत असता शाळेचे शिपाई धुळाप्पा सहावे कलम ऐकून म्हणाले, "बाई, म्या अडाणी माणूस. पर मेल्यावर लाजायला कोण असतंय?" शाळेच्या शिक्षिका शांताक्का त्यांना गप्प बसवू लागल्या. मी शांताक्कांना थांबवले. एकदा एकीला गप्प बसवून झाले आहे.

दुरुस्तीचे पत्र धुळाप्पांच्या हाती आत्ताच टपालात धाडले व येताना इरम्मास बोलावून आणण्यास सांगितले. ती आली. मी खुर्ची दिली. ती उंबऱ्यावर बसली. कलम चार मी साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचले.

मग ती म्हणाली, "घर नको म्हणत न्हाय, बाई. पर त्या सायबापुढं तुमी मला गप केलं, ते लई लागलं."

"व्हय," मी म्हणाले.

मग ती उठून तळघरात गेली. खालून तिचा आवाज आला, "अगं बया, गाडग्याचं भोक बुजलंय की! कवापासनं?" मला ते माहीत नव्हते. तिने केरसुणीची काडी मागितली. मी नेऊन दिली.

माफ केले असे ती म्हणाली नाही. म्हणून तसा उल्लेख या पत्रात कोणी मागाहून घालू नये. हे लिहीत असता खाली थेंब पडत आहेत.

सही: रुद्रम्मा शरणबसप्पा कळशेट्टी

साक्षीदार:
१. शांताक्का, शिक्षिका, कन्याशाळा (सही)
२. धुळाप्पा, शिपाई, कन्याशाळा (सही)

घर इरम्मास द्यावयाचे असल्याने साक्षीस तिचा अंगठा घेतलेला नाही.

मुक्काम उमरगा, तारीख १२ डिसेंबर १९४६