सर्वांत खोल स्टेशनचं दार

३ मार्च, मंगळवार

दाराला हात लावायचा हुकूम आला. अखेर!

इतकी वर्षं ते पोलादी धूड फलाटाच्या तोंडाशी भिंतीत घुसून बसलंय. प्रवाशांना वाटतं, भिंतच आहे. स्टेशन एवढं खोल खणलं ते या दारासाठी. नुसती गाडी चालवायला एवढं खाली कोण जातं? आकाशातून काही पडू लागलं तर माणसांनी खाली यायचं आणि दार लावून घ्यायचं, असा बेत.

साहेब म्हणाले, "मिस्त्री, नुसतं तपासायचं हो. काळजीचं कारण नाही." मी काळजीचा शब्दही काढला नव्हता.

५ मार्च, गुरुवार

तिकीटघरातला माझा फळा पुसून नव्याने लिहिला. सर्वांत लांब फलाट – हुबळी. सर्वांत जास्त फलाट – न्यूयॉर्कचं ग्रँड सेंट्रल, चव्वेचाळीस. सर्वांत खोल – आपलं. हे सगळं मला कोणी शिकवलेलं नाही. एकट्याने वाचून गोळा केलंय, एकेक आकडा तीनदा पडताळून.

एका प्रवाशाने वाद घातला. म्हणे, अमुक ठिकाणचं याहून खोल आहे. मी विचारलं, मोजता कुठून? टेकडीच्या माथ्यावरून मोजलं तर कुठलंही डबकं पाताळाला लागेल! तिकीटघराच्या फरशीपासून मोजा, दोरी मी देतो. गेला तणतणत.

आमची ही तिकीटखिडकीत ड्यूटीवर बसून ऐकत होती. म्हणाली, "खोलाचा केवढा तो तोरा! बेडूकसुद्धा असाच बोलत असेल आपल्या विहिरीबद्दल."

९ मार्च, सोमवार

दार हललं!! बेअरिंगं गंजून एकजीव झालेली. हँडलला मी आणि जाड्या, दोघं लटकलो. जाड्या माझा जोडीदार, नावाप्रमाणेच आहे, तरी घामाघूम. पूर्ण लागायला आठ मिनिटं. जाड्या म्हणाला, "उस्ताद, एवढ्या वेळात शत्रू चहा पिऊन परत जाईल!"

साहेब हसले नाहीत. "तीन मिनिटांच्या आत लागलं पाहिजे."

लागेल, म्हटलं. मी म्हटलं म्हणजे लागेल.

१३ मार्च, शुक्रवार

पावणेतीन! तेही एकट्या माणसाने! नवी बेअरिंगं घातली, हँडलवरचं लहान दातेरी चाक काढून मोठं चढवलं. हिशेब माझा, दाते मी कापले. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली.

फलाटाच्या टोकाला पाण्याची पिंपं आणि ब्लँकेटांचे गठ्ठे उतरवत होते. कशाला, ते कोणी विचारलं नाही.

१४ मार्च, शनिवार

हिला सगळं रंगवून सांगितलं. ही खिडकीच्या काचांना कागदाच्या पट्ट्या चिकटवत होती. गल्लीत घरोघरी तेच चाललंय. ऐकून घेतलं, दाताने पट्टी तोडली आणि विचारलं, "अहो, आपला सरकता जिना खाली पोचायला किती वेळ लावतो?"

"साडेचार मिनिटं." तोंडातून अभिमानानेच गेलं.

"मग भोंगा झाल्यावर मी कुठे असेन?"

मी पुढची पट्टी कापायला घेतली.

१६ मार्च, सोमवार

साहेबांना विचारलं. भोंगा झाला की दार लावायला घ्यायचं. कोणासाठी थांबायचं नाही – दार अर्धवट राहिलं तर आतल्यांचंही काही खरं नाही. आणि वर जिन्याच्या तोंडाशी असलेली फाटकं? ती तिकीटखिडकीतल्या खटक्यानेच उघडी राहतात. हात काढला की मिटतात. म्हणजे सगळ्या जगाला खाली सोडायचं हिने, आणि स्वतः निघायचं सर्वांत शेवटी.

"तिथे दुसरं कोणी बसवा, साहेब."

"त्या दुसऱ्याचंही कोणीतरी असेलच की, मिस्त्री."

साहेब वाईट माणूस नाहीत. असते तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

१७ मार्च, मंगळवार

टोकियोच्या शिंजुकू स्टेशनला दोनशेहून जास्त वाटा आहेत. मीच लिहिलंय फळ्यावर. आपल्याला एक.

१९ मार्च, गुरुवार

जुनं लहान चाक परत चढवलं. जाड्या बघत होता. मी म्हटलं, मोठ्याचे दाते झिजलेत.

"आठवड्यात? तुमच्या हातचे?"

मी नट आवळले. त्यानेच मग झाकण लावलं आणि वरचे माझे ग्रीसचे ठसे फडक्याने पुसले. त्याचा भाऊ वरच वर्तमानपत्रं विकतो.

उभ्या जन्मात मुद्दाम काम बिघडवलं नव्हतं. आज बिघडवलं – तेही नीट, मन लावून.

२३ मार्च, सोमवार

न सांगता तालीम घेतली. भोंगा नाही, नुसती शिट्टी. बघायला वरचे अधिकारी. साडेसहा मिनिटं लागली.

"मिस्त्री, कुठे गेला तुमचा वेग?"

"गंज, साहेब."

कोऱ्या बेअरिंगला गंज! झाकण उघडायला लावलं. साहेबांनी लहान चाक पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. पण अधिकाऱ्यांसमोर बोलले नाहीत. त्यांतला एक मात्र हसून म्हणाला, "अशा जागी शिकलेला माणूस लागतो हो. असले अर्धेकच्चे काय कामाचे?"

मान खाली घालून ऐकलं. ओरडून सांगावंसं वाटत होतं – चुकलेलो नाही, मुद्दाम केलंय! तेवढंच सांगायची सोय नव्हती.

२४ मार्च, मंगळवार

मोठं चाक पुन्हा जागेवर. लहान चाक साहेब स्वतः घेऊन गेले. दार आता जाड्याकडे, आणि त्याच्या डोक्यावर एक पहारेकरी. माझी बदली वर, तिकीटघरात – प्रवाशांना रांगेत लावायला.

हिने खिडकीआतून एक स्टूल सरकवलं. "या, बेडूकराव! आलात एकदाचे विहिरीबाहेर."

हसताना तिचा आवाज चिरकला. रागावली आहे. मी खाली असतो तर निदान एक जण तरी वाचला असता, असा तिचा हिशेब असणार. माझा वेगळा आहे.

२६ मार्च, गुरुवार

इथून जिन्याचा तळ दिसत नाही. समोर फळा. एका चिमुरडीने आईकडून तो वाचून घेतला आणि मला विचारलं, "सर्वांत खोल म्हणजे खूप लांब?"

हो म्हणालो.

२७ मार्च, शुक्रवार

भोंगा. शिट्टी नाही.

ही खटका दाबून बसलीय. माणसं लोटतायत, जिना काठोकाठ भरलाय. जाड्याने खाली हँडल हातात घेतलंच असेल. ही म्हणते, "अहो, लिहिताय काय! तो फळा पुसा आधी. किती खोल आहे ते आज कोणी वाचायला नको."

पुसतो.