टेपवरची सही

आबा, तुमचं गेमच्या सीड्यांचं लोखंडी कपाट गेल्या रविवारी सकाळी उघडलं. तुम्ही गेल्याला सतरा वर्षं झाली, पण आतला बल्ब मी बदलत आले आहे, सीड्यांना मात्र कधी हात लावला नव्हता. लोणावळ्याच्या दमट हवेत सीडीवर बुरशी धरते, म्हणून पावसाळाभर कपाटात बल्ब चालू ठेवायचा, हे तुम्हीच शिकवलं. कपाट उघडायला कारण झाली माझी मुलगी, तुमची नात. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. ती अकरावीला आहे. तिने सुटे भाग आणून स्वतः कॉम्प्युटर जोडला आणि त्यावर एक नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. फुकट मिळते आणि गेम खेळण्यासाठीच बनवलेली आहे. तिचं म्हणणं, यामुळे कॉम्प्युटरवरचं गेमिंग पुन्हा उभं राहणार. मी तळेगावच्या ऑफिसात कॅन्टीनमध्ये हे सहज बोलले तर चांगला वाद झाला. एक जण म्हणाला, सगळे मोबाइलवर खेळतात, आता टेबलाशी कोण बसतंय. दुसरा म्हणाला, नवे ऑनलाइन गेम या सिस्टिमवर अडतात, कंपन्याच चालू देत नाहीत. तिसऱ्याचा मुलगा तीच वापरतो, तो म्हणाला, जुने गेम मात्र सगळे पळतात. मी डबा खात ऐकत होते. आमचं गेमचं दुकान होतं हे मी त्या ऑफिसात इतक्या वर्षांत कोणाला सांगितलेलं नाही.

ते दुकान मला आत्ताही समोर दिसतं. तुंगार्लीच्या रस्त्याला, गाळ्यात आठ मशीन, दोन-दोन पोरांना एक बाकडं. तुम्ही दाराशी खुर्चीवर बसलेले. हरेल त्याने उठायचं आणि उभा असेल त्याने बसायचं, हा तुमचा नियम. बंगल्यांवर सुट्टीला आलेली पुण्याची मुलं आणि आपल्या गावाकडची पोरं त्या नियमाने एका बाकड्यावर बसायची. तुम्ही इंग्रजी वाचत नव्हता, पण कुठली सीडी कुठल्या गेमची ते तिच्यावरच्या चित्रावरून ओळखायचा. प्रत्येक सीडी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून चहूबाजूंनी टेप लावायचात आणि टेपच्या जोडावर बॉलपेनने सही करायचात, म्हणजे कोणी सीडी बदलली तर सही तुटून कळेल. मला त्याचं हसू यायचं. मी एकदा म्हणाले, आबा, हे बँकेचं लॉकर आहे का? तुम्ही म्हणालात, "तुज्या सर्टिफिकिटाला बी आसंच करून ठिवलंय, बग जा." खरंच ठेवलं होतं.

मग एका वर्षी मशीनवाल्याने आठही मशीनवर नवी सिस्टिम टाकून दिली. जुनी बंद होणार, म्हणाला. मशीन रांगायला लागली आणि निम्मे गेम उघडेनात. पोरं यायची, दारातून विचारायची आणि परत जायची. त्या दिवसांत बंगल्यावर उतरलेल्या एका कॉलेजच्या मुलाने तुम्हाला एक सीडी दिली. वेगळी सिस्टिम आहे, फुकट आहे, हिच्यावर जुने गेम कदाचित चालतील, असं सांगून गेला. घरात कॉम्प्युटरचा डिप्लोमा माझाच. मी नुकती तळेगावला नोकरीला लागले होते. तुम्ही ती सीडी नेहमीसारखी गुंडाळून, सही करून माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "हे लावून बग. गेम उघडले तर दुकान ठिवू, न्हाई उघडले तर कुलूप लावू. तू सांगशील तसं."

चार दिवस सीडी माझ्या पर्समध्ये होती. मी थकून यायचे हे खरं आहे, पण खरं कारण ते नव्हतं. माझ्या लग्नाचं बघणं चाललं होतं. वडील काय करतात, या प्रश्नावर मामी घाईने कॉम्प्युटरचा व्यवसाय म्हणायच्या, आणि पाहुण्यांतलं कोणीतरी हसून विचारायचं, म्हणजे ते पोरं बिघडवायचं दुकान का? मला ते दुकान नको होतं. पाचव्या दिवशी सकाळी तुम्ही चहा पीत होता. मी सीडी तुमच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, आबा, बघितली, नाही चालत. तुम्ही पाकीट उचललंत, उलटंपालटं केलंत. म्हणालात, "बरं. तू बगितलीस म्हंजे झालं." त्याच महिन्यात मशीन विकली. पुढच्या दिवाळीत माझं लग्न झालं आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तुम्ही गेलात. दुकान बंद झाल्यावर तुम्ही दुपारी कुठे बसत होता, हे मी कधी विचारलं नाही.

तर रविवारी तुमच्या नातीने गाड्यांच्या शर्यतीची सीडी काढली. मीच तिला म्हटलं होतं, हा गेम तेव्हा मशीनवाल्याने टाकलेल्या सिस्टिमवर उघडलाच नव्हता, तो उघडून दाखव. तिने मागून आणलेला सीडी ड्राइव्ह जोडला, काहीतरी टाइप केलं, आणि तो उघडला. तोच हिरवा पडदा, तोच गाडी सुरू होण्याचा आवाज. मी ओट्यापाशी पोहे परतत होते. हातातला कालथा तसाच राहिला आणि पोहे खाली लागले. बंद पडलं म्हणून ज्याला आपण कुलूप लावलं, ते इतकी वर्षं कपाटात नुसतं पडून होतं. ती म्हणाली, "आई, बस ना शेजारी, दोघी खेळू." मी बसले आणि हरले, आणि सवयीने उठून उभी राहिले. तिला कळेना मी का उठले. बसायला मागे कोणी नव्हतं. नवी सिस्टिम गेम उघडते, आबा, पण मागे उभं राहणारी पोरं ती कुठून आणणार, ते मला माहीत नाही.

मग ती बाकीच्या सीड्या बघायला कपाटाशी गेली आणि सगळ्यात खालच्या कप्प्यातून ते पाकीट घेऊन आली. मी ओळखलं. टेप पिवळी पडली आहे, पण जोडावरची सही अख्खी आहे. कुठेही तुटलेली नाही. आणि सहीच्या खाली, टेपवरच, तुमच्या अक्षरात लिहिलं आहे, "पोरीनं बगितली. चालत न्हाई."

मी पाकीट तिच्या हातातून घेतलं. तुम्ही ते लिहिलंत तेव्हा तुमची सही तुमच्या डोळ्यांसमोर होती. ती तुटलेली नाही हे तुम्हाला दिसलं असणार. तरी तुम्ही लिहिलंत, आणि वाचणारं घरात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मशीन विकून झाल्यावर लिहिलंत की आधी, हे आता कळायला मार्ग नाही.

ती सीडी तेव्हा लावली असती तर गेम उघडले असते का? नातीला मी आडून विचारलं. ती म्हणाली, त्या काळातल्या अशा सिस्टिमवर बहुतेक नसतेच उघडले. बहुतेक. ड्राइव्ह अजून टेबलावर आहे, लावून बघता येईल. पण त्यासाठी सही तोडावी लागेल. मी पाकीट परत बल्बखाली ठेवलं आहे, हा तुम्हाला लिहिलेला कागदही तिथेच ठेवीन.

ठेवण्याआधी तिने पाकिटावरचं वाचून मला विचारलं, "आई, ही पोरगी म्हणजे तू? तू बघितली होतीस ही?"

मी हो म्हणाले.