मेलला जोडलेला दाखला

सर,

तुम्ही गेल्याचं मला आमच्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं होतं. सगळ्यांनी हात जोडले. मी फोन उलटा ठेवला आणि भाजी फोडणीला टाकली. वाईट वाटलं नाही, वाटायला हवं होतं असंही वाटलं नाही. त्याला आता नऊ वर्षं झाली. एवढ्या वर्षांनी लिहायचं कारण म्हणजे गेला पंधरवडा तुम्ही माझ्या डोक्यातून हलायला तयार नाही, आणि मेलेल्या माणसाने असं ठाण मांडून बसणं मला मुळीच आवडलेलं नाही.

तुम्ही आठवता ते कल्याणच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत. माझं एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष आहे. मी आंबिवलीहून येते, डबा खिडकीत ठेवते आणि सगळ्यांच्या आधी बर्नर पेटवते. बाकीच्या मुलींना तुम्ही ‘अगं ए’ म्हणून हाक मारता, त्यांच्या चुकांवर खो खो हसता. मला मात्र ‘अहो, झालं का तुमचं?’ सुरुवातीला मला तो मान वाटला. मग कळलं, तुम्ही मला लांबच बसवलं होतं, फक्त खुर्ची चांगली दिली होती. प्रॅक्टिकलला पहिली आले तेव्हा तुमच्याकडे प्रोजेक्ट मागायला आले. तुम्ही चष्मा पुसत, अगदी गोड आवाजात, सगळ्यांदेखत म्हणालात, “तुमचं काय हो, दाखला दाखवलात की दारं उघडतात. माझ्याकडे दोनच जागा आहेत. ज्यांना कोणी नाही, त्यांना त्या द्यायला हव्यात.” ज्यांना कोणी नाही! तुम्ही ज्या दोघांना घेतलंत, त्यांतल्या एकाचे काका त्याच कॉलेजात विभागप्रमुख होते. माझे वडील डोंबिवलीच्या केमिकल कंपनीत ड्रम धुवायचे. तेव्हा कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

पुढे पीएच.डी.साठी शिफारसपत्र मागितलं, तर तेही दिलंत, बंद पाकिटात. मी ते स्टेशनच्या बाकावर बसून फोडलं. पहिलंच वाक्य, विद्यार्थिनी मागासवर्गीय आहे. माझं काम चौथ्या ओळीत होतं आणि तिथे मी फक्त ‘कष्टाळू’ होते. ते पत्र मी वापरलं नाही. पीएच.डी. केली, उशिरा केली, मार्गदर्शक शोधायला तीन वर्षं घालवली. ती तीन वर्षं तुम्ही खाल्लीत, सर. हे तुमच्या शोकसभेत कोणी बोललं नसेल, म्हणून मी बोलते.

आता मी ठाण्यात एका कंपनीच्या संशोधन विभागात आहे. आणि सूड म्हणा हवं तर, आम्ही तिघी मैत्रिणी एक काम करतो. दलित, आदिवासी, मुसलमान घरांतल्या ज्या मुलांना संशोधन करायचंय आणि ज्यांच्या ओळखीत विचारायला कोणी नाही, त्यांची ऑनलाइन गाठ संशोधकांशी घालून देतो. मुलं स्वतःच्या कामाबद्दल एक पान लिहितात, ते आम्ही योग्य माणसाला दाखवतो, जमलं तर दोघं महिन्यातून दोनदा व्हिडिओवर भेटतात. आमच्या फॉर्मवर जातीचा रकाना नाही. तो मीच ठेवू दिला नाही.

यंदा खडवलीची एक मुलगी आली. रविवारी नदीवर सहलीला आलेली माणसं जे काही पाण्यात सोडून जातात, त्याने सोमवारच्या पाण्यात काय फरक पडतो, हे ती स्वतः बाटल्या भरून तपासते. तिला हे कोणी सांगितलेलं नाही. वाचताना माझ्या अंगावर काटा आला. नद्यांवरच काम करणाऱ्या जर्मनीतल्या एक बाई वर्षाला आमचा एकच विद्यार्थी घेतात, त्यांचं नाव मी तिला दिलं. तिने पहिली मेल केली आणि पाच कागद जोडले. पहिला जातीचा दाखला, दुसरा पडताळणीचा. नदीचं पान सगळ्यात शेवटी.

बाईंनी मला सहज विचारलं, हा शिक्क्याचा कागद कसला, आणि हिच्या कामाशी त्याचा काय संबंध? मी उत्तर दिलं, तो पत्त्याचा पुरावा आहे, आमच्याकडे असे कागद जोडायची सवय असते. त्या बाई चार वर्षं मला ओळखतात. मी कुठल्या घरातून आले, हे त्यांना माहीत नाही. कंपनीतही कोणाला माहीत नाही. मी कधी सांगितलंच नाही.

मग मी मुलीला फोन केला. “दाखला कशाला जोडलास? भीक मागायला गेलीयेस का?”

“मॅडम, कुठे पण गेलं ना की पहिलं तेच मागतात. हॉस्टेलला, स्कॉलरशिपला. नसला की परत पाठवतात. म्हणून मी आधीच लावून टाकलेला.” पुढे तिने विचारलं, “मग आता त्या मला घेणार नाहीत का?”

“बघू,” म्हणाले आणि फोन ठेवला. तिची झोप उडवायला तेवढं पुरेसं होतं आणि मला ते कळत होतं. ही रीत मी तुमच्याकडून उचलली असं म्हणायची फार इच्छा आहे. पण सगळंच तुमच्यावर किती ढकलू?

दर शनिवारी आम्ही मुलांशी व्हिडिओवर बोलतो, त्या कॉलला ती आली नाही, फोनही उचलेना. रविवारी मी खडवलीला गेले. ती नदीच्या कडेला सलवार दुमडून बसली होती, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत. पलीकडे स्पीकर लावून माणसं डुंबत होती.

“बसा मॅडम,” ती म्हणाली, पण उठली नाही. “मी बाईंना लिहिलेलं, दाखला म्हणजे काय ते. सगळं लिहिलं. त्या म्हणाल्या, तुमच्या मॅडमनी तर पत्त्याचा कागद सांगितलेला.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “मला वाटलेलं माझंच चुकलं. दोन दिवस रडलेय मी. तुम्ही का असं सांगितलं?”

मी तिच्या हातातली बाटली धरली. “घेतलं का त्यांनी तुला?”

“घेतलं ना. पुढच्या महिन्यापासून.”

आनंद झाला, सर, खरंच झाला. आणि त्याच वेळी इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना.

परवा बाईंची मेल आली. त्या रागावलेल्या नाहीत. मुलीच्या पत्रातून पुष्कळ समजलं म्हणतात, मी त्यांना वेगळं का सांगितलं, एवढंच विचारलंय. आज सकाळी मी त्यांना उत्तर द्यायला बसले आणि हे तुम्हाला लिहीत सुटले. हे कुठे पाठवायचं नाही, आणि तुम्ही उलट काही विचारणारही नाही. तुमच्यावर चिडणं मला चांगलं जमतं. त्यांना मात्र एकच ओळ लिहायची आहे, की तसला कागद माझ्याकडेही आहे. दुपार झाली, ती ओळ अजून लिहून झालेली नाही.