कारंज्यापाशी बोलायचं

४ ऑक्टोबर, संध्याकाळ
सायकल ट्रिपचा दुसरा दिवस. तब्येत ठणठणीत. लेक दिवसभर पुढे होती, कारण मीच तिला पुढे जाऊ दिलं. ती झाडाखाली थांबते. मी धापा टाकत पोचेपर्यंत तिची विश्रांती झालेली असते, की निघाली. त्यामुळे बोलायचं राहूनच जातं.
परदेशातल्या नोकरीला होकार की नकार, ते तिला उद्या संध्याकाळपर्यंत कळवायचंय. तिने जाऊ नये. घरात आम्ही दोघंच. ती गेल्यावर मी भांडू कुणाशी?
उद्या राजवाड्याची बाग. तिथे सायकली गेटवरच ठेवतात. म्हणजे सटकणार कुठे? कारंज्यापाशी बाकावर बसून शांतपणे सांगायचं. प्लॅन पक्का.
ता. क. सायकलच्या सीटमध्ये डिफेक्ट आहे. पॅडवाली चड्डी मी दुकानातच नाकारली होती. तत्त्वाचा प्रश्न.

५ ऑक्टोबर, सकाळ
बसता येत नाही. नाश्ता उभ्याने. लेकीने विचारलं, तर म्हटलं, अशाने पचन सुधारतं.

अकराच्या सुमारास
बाग भव्य. कातरलेली कुंपणं, पायऱ्यापायऱ्यांची हिरवळ, मधोमध कारंजं. बाकही आहे. दगडी. लेक बसली. मी बूड टेकवलं आणि डोळ्यांसमोर काजवे चमकले. उठलो. घसा खाकरला. ती म्हणाली, बाबा, तुम्हाला घाई दिसतेय, चला, पुढचं बघू. मी जेमतेम 'अगं ऐक'पर्यंत पोचलो होतो.

दुपार
राणीचे गुलाब, राजाचं काचघर, कुणाचं तरी तळं. आणि जिथे तिथे बाक! या राजाला दुसरे उद्योग नव्हते का?
लेक सारखी फोन बघतेय. आता नाही बोललो तर संपलंच.
निर्णय : गवतावर पालथं पडून बोलायचं.

जरा वेळाने
पडलो. स्वर्ग. लेक पाणी आणायला गेली, तेवढ्यात मनात उजळणी करावी म्हणून डोळे मिटले. पहारेकऱ्याला वाटलं, म्हातारा गेला. शिट्ट्या, धावपळ. मी खुलासा करेपर्यंत दोन माळ्यांनी मला उचलून वाळक्या पानांच्या हातगाडीत घातलं होतं. लेक गेटपर्यंत गाडीला धरून चालली. रडत होती. मी म्हटलं, सीटपेक्षा हे बरं आहे.

संध्याकाळ
गेटबाहेर ती म्हणाली, मी नाही जात. तुम्हाला अशा अवस्थेत एकटं टाकून कशी जाऊ? नकार कळवते.
हेच तर हवं होतं. पण असं? माझी कीव करून? मी फाडकन म्हणालो, मला काय धाड भरलीये? खुशाल जा. तिने विचारलं, बाबा, खरं सांगा, जमेल एकट्याला? म्हटलं, जमेल म्हणजे काय! आणि टांग मारून सायकलवर बसलो, तिच्यासमोर दोन चकरा मारून दाखवल्या. चेहऱ्यावर हसू. आतून बोंब.
तिने डोळे पुसले आणि होकार पाठवून दिला.

६ ऑक्टोबर
आज मी पोचलो तरी लेक निघत नाही. झाडाखाली शेजारी जागा करून देते. बोलायला वेळच वेळ आहे.
मी म्हटलं, तिकडे थंडी असेल, चांगला स्वेटर घे. ती हो म्हणाली. मग मी तिच्या चेनला तेल घातलं.