दुखत नाही

४ मार्च
अथ काजपीडा! आमच्या शिंप्याने माझ्याविरुद्ध कट केला आहे. नव्या सदऱ्याची काजं त्याने मुंगीच्या मापाची ठेवली आहेत. वरच्या बटणाशी पाव तास झुंजलो. शेवटी उघड्या गळ्याने सभेला गेलो. बातमीदाराकडे कोणी बघत नाही, एवढं बरं.

६ मार्च
शिंप्याने माझ्यादेखत पाचही बटणं पटापट लावून दाखवली. "साहेब, काजं नेहमीचीच आहेत. तुमची करंगळीच ऐकत नाही." — उद्धट!
उजव्या कोपरात ठणका आहे. गालावरचा जुना चट्टा लालबुंद.

९ मार्च
कुष्ठरोगाच्या गोळ्या संपून आठ महिने झाले. बायकोने तेव्हाच बजावलं होतं, "एकदा सोसलं. पुन्हा उलटला, तर मी भिंगरीला घेऊन ताईकडे जाईन." भिंगरी म्हणजे आमची लेक. नऊ वर्षांची, पाय जमिनीला लागत नाहीत.
आज माझा पेला निराळ्या खणात दिसला. 
माझं न्यायशास्त्र असं — बधिर म्हणजे रोग निजलेला, दुखतं म्हणजे जागा झालेला. तेव्हा उद्या दवाखान्यात दुखायचं नाही.

१० मार्च
दुखलं नाही! डॉक्टरबाईंनी कोपराच्या आतली नस दाबली. डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारी बायको. मी डॉक्टरबाईंच्या चष्म्याची स्तुती केली.
"चट्टे हुळहुळतात? कोपरात ठणका?"
"छे!"
"नक्की ना? यावरच सगळं अवलंबून आहे."
"अहो, मी बातमीदार. खातरजमा केल्याशिवाय बोलत नाही."
त्या टेबलावर पेन आपटत राहिल्या. मग म्हणाल्या, "चट्टा लाल झालाय आणि काहीच दुखत नाही, म्हणजे आजार उलटलाच असावा. कानाच्या पाळीतून नमुना घेते. अहवाल येईपर्यंत जुन्याच गोळ्या घ्या."
बायको उठून बाहेर गेली.

११ मार्च
गेल्या दोघी. भिंगरीने फाटकातून हात हलवला. मी डावा हलवला.

२ एप्रिल
अहवाल आला. जिवंत जंतू एकही नाही. डॉक्टरबाईंनी पुन्हा नस दाबली. या वेळी शेजारी कोणी नव्हतं, फसवायचं कोणाला? असा ओरडलो की बाहेरचा शिपाई डोकावला.
"हे कधीपासून?"
"फेब्रुवारी."
त्यांनी अहवाल टेबलावर ठेवला. मग अगदी शांतपणे — "आजार उलटला नव्हताच. तुमचं शरीर मेलेल्या जंतूंशी भांडत होतं. रिॲक्शन. तिच्यात दुखतं. उलटलेला आजार बहुधा न दुखता, सावकाश येतो. त्या दिवशी 'हो' म्हणाला असतात, तर लगेच स्टेरॉइड सुरू केलं असतं. नस सुजून सुजून मरते हो!"
गोळ्या लिहून देताना आणखी एक — "ठणका थांबला म्हणून खूश होऊ नका. नस सावरली तरी थांबतो, मेली तरी थांबतो."
तीस वर्षं लोकांच्या खोट्या निवेदनांची खिल्ली उडवली. माझं मात्र एका झटक्यात खरं म्हणून छापून आलं.

३ एप्रिल
बायकोला फोन. सगळं कबूल केलं — उलटला नव्हता, मी खोटं बोललो, ये आता.
ती हसली. मनापासून हसली. "अहो, तुम्ही दुखतं म्हणाला असतात, तरी मी गेलेच असते. बॅग आठवडाभर आधीच भरली होती."
मागून भिंगरी विचारत होती, "बाबा आहेत का?" ती म्हणाली, "नाही गं, चुकून लागला."

४ एप्रिल
स्टेरॉइड. भूक फार लागते. पेला जुन्या जागी आणून ठेवला.

२१ एप्रिल
ठणका थांबला. करंगळीला शाई दिसली, लागताना कळली नव्हती. टाचणी टोचली. रक्त आलं. दुखलं नाही — या खेपेस खरंच नाही.
फार भीती वाटते.