उलटी टांगलेली कोरफड

मंगळवार, दिवेलागण

दाराला उलट्या टांगलेल्या कोरफडीला आज कळ्या आल्या! शोभेची, पट्ट्यापट्ट्यांची, हौसेनं आणलेली. कुंडीत माझ्या रोजच्या पाण्यानं कुजायला लागली, तशी सासूबाईंनी उपटून चौकटीला टांगली. लई भांडले मी. "अगं, नजर बी लागायची न्हाय अन् जीव बी धरंल," म्हणाल्या. धरला की! ना माती, ना पाणी, आणि कळ्यांचा दांडा वर वळलेला.

आता काढून परत कुंडीत लावू? म्हणजे पाणी घालायला मी मोकळीच.

सकाळी पुण्याहून लेक चिडली, "आई, दिवसातून किती वेळा फोन करतेस गं?"

दांडा पुन्हा बघून आले. फोन लांब ठेवलाय.

पण जेवली असेल का ती?